‘अमेरिकी कोर्ट फक्त लिहिलेलं वाचतं’ म्हणणाऱ्यांसाठी

हडसनकाठी: काल इथे एकाने लिहिलं, ‘अमेरिकी न्यायाधीश कायद्यात आहे तेवढंच वाचतात, पदरचं काही घालत नाहीत.’ असं ठोकून देण्याआधी एखादा तरी निकाल वाचा हो. २०१५ चा सुप्रीम कोर्टातला येट्स खटला घ्या. २००७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात येट्स नावाच्या कप्तानाच्या मच्छीमार बोटीवर अधिकारी चढला. ग्रूपर मासा किमान २० इंच हवा होता. ७२ मासे आखूड भरले. त्याने ते पेट्यांत वेगळे ठेवायला लावले. बोट धक्क्याला लागेपर्यंत ते समुद्रात गेले आणि पेट्यांत दुसरेच आले. खटला लागला तो एन्रॉन कंपनीच्या हिशेबी घोटाळ्यानंतर २००२ साली केलेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याखाली, ज्यात २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे! कलमात ‘नोंद, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू’ नष्ट करणं हा गुन्हा. मासा मूर्त वस्तू आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी ५ विरुद्ध ४ मतांनी येट्स त्या आरोपातून सुटला. न्यायमूर्ती गिन्सबर्गबाईंनी लिहिलं, नुसत्या शब्दकोशावर भागत नाही, शेजारचे शब्द बघा, कायदा कशासाठी केला ते बघा. विरोधात उदारमतवादी केगन आणि रूढीवादी स्केलिया हे न्यायमूर्ती चक्क एका बाजूला. निकाल मला पटतो. पण ‘फक्त वाचलं’ म्हणू नका.

शब्दप्रमाण: ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. २०२० चा बॉस्टॉक खटला बघा. १९६४ च्या कायद्यात नोकरीत लिंगावरून भेदभाव नको, एवढंच आहे. समलिंगी म्हणून नोकरीवरून काढणं हाही लिंगावरूनच भेदभाव, हे लिहिलं ट्रम्पनी नेमलेल्या न्यायमूर्ती गोरसचनी. १९६४ च्या खासदारांच्या मनात हे नव्हतं. हेतू उकरत बसले असते तर नोकरीवरून काढलेली ती माणसं हरली असती.

हडसनकाठी: त्याच खटल्यात न्यायमूर्ती अलिटो आणि कॅव्हनॉ यांनी तेच शब्द वाचून नेमकं उलट लिहिलं. त्याचं काय?

मार्चची_आई: मासे राहू द्या बाजूला. जानेवारी २०२५ मध्ये मी गरोदर, नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर; दोन्ही तात्पुरते. २० तारखेला ट्रम्पचा आदेश निघाला: आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर ३० दिवसांनंतर जन्मलेलं बाळ नागरिक नाही. आमच्या ग्रुपवर बायका विचारत होत्या, मुदतीच्या आत सिझेरियन करून मिळेल का! अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिकत्व देणाऱ्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतले शब्द १८६८ पासून तेच आहेत, चिनी आईबापांच्या पोटी तिथे जन्मलेल्या वाँग किम आर्कला नागरिक ठरवणारा निकाल १८९८ चा. मग माझ्या पोटातल्या बाळापुरता नवा अर्थ कुठून आला? २३ तारखेला सिएटलच्या न्यायाधीशांनी स्थगिती दिली, तेव्हा कुठे मला घास गिळवला.

शब्दप्रमाण: ताई, काळजी समजते. पण वाँगचे आईबाप तिथे कायमचे राहणारे होते, निकालातच तसं आहे. आणि एका जिल्हा न्यायाधीशाने आदेश अख्ख्या देशात अडवायचा? जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याला लगाम घातला, योग्यच केलं.

मार्चची_आई: ताई म्हणून चुचकारू नका. वाँगच्या त्याच निकालात अपवाद सांगितलेत: राजदूतांची मुलं, परक्या सरकारी जहाजांवर जन्मलेली, शत्रुसैन्याच्या ताब्यातल्या मुलखातली, मूळनिवासी जमातींची. यात पुण्याचा इंजिनिअर कुठे बसतो?

शब्दप्रमाण: २०१५ मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशाने ओबामांची डापा योजना (कागदपत्रं नसलेल्या पालकांना हद्दपारीपासून वाचवणारी) देशभर अडवली, तेव्हा तुमचीच मंडळी बोंब मारत होती.

हडसनकाठी: मारली, मीही मारली. टेक्सासचं मान्य, घ्या. पण नागरिकत्वाची तीच गोष्ट नाही. न्यू जर्सीने दावा लावला म्हणून इथलं बाळ नागरिक आणि टेक्सासातलं नाही, असा देश चालतो?

शब्दप्रमाण: म्हणून तर सारख्या अडचणीतल्या सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावायचा, म्हणजे क्लास अ‍ॅक्शनचा रस्ता मोकळा ठेवलाय. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी त्याच रस्त्याने देशभरच्या बाळांना संरक्षण दिलं. शिस्तीत मिळालं की नाही?

मार्चची_आई: मिळालं. त्यासाठी आधी कुणा गरोदर बाईने वकील गाठायचा आणि न जन्मलेलं बाळ दाव्यात उभं करायचं. हीच शिस्त असेल तर ती तुम्हालाच लखलाभ.