लसूण-कांदा आणि जठराचा कर्करोग : पुरावा कितपत भक्कम?

प्रश्न
जठराच्या कर्करोगाने आत्याचे निधन झाल्यापासून माझे वडील रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावून खातात आणि जेवणात कच्चा कांदा चुकवत नाहीत. चीनमध्ये लसूण भरपूर खाणाऱ्यांना हा रोग कमी होतो, असे त्यांच्या वाचनात आले आहे. त्यात तथ्य किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
तो उल्लेख बहुधा शांदोंग प्रांतातील लिन्छू परगण्याचा असावा. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तेथे फार मोठे आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रुग्ण आणि इतर रहिवासी यांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा लसूण, कांदा, पात अधिक खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळला. मात्र अशा पाहणीत जुना आहार आठवून सांगावा लागतो आणि पोट बिघडलेल्या माणसाने उग्र पदार्थ आधीच सोडलेले असू शकतात. त्यामुळे कारण कोणते नि परिणाम कोणता, हे ठरत नाही.

म्हणून १९९५ पासून तेथेच ३,३६५ जणांची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) गटवारी करून चाचणी झाली. काहींना लसणाचा अर्क व तेल यांच्या कॅप्सूल सात वर्षांहून अधिक काळ दिल्या, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या, जठरात राहून या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या जंतूचा संसर्ग असलेल्यांपैकी काहींना अवघे दोन आठवडे ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक आणि ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध दिले. बावीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जंतूवरील उपचाराने कर्करोग होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी झाली. लसणाने ती ठोसपणे घटली नाही, या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले, तेही संख्याशास्त्राच्या सीमारेषेवर, म्हणजे तो योगायोगही असू शकतो. शिवाय हा निष्कर्ष कॅप्सूलचा आहे, फोडणीतल्या लसणाचा नव्हे.

प्रतिसाद २
कांद्याविषयी नेदरलँड्समधील अभ्यास उल्लेखनीय आहे. १९८६ पासून सुमारे १ लाख २० हजार लोकांचा मागोवा घेतला असता, रोज किमान अर्धा कांदा खाणाऱ्यांत जठराचा कर्करोग बराच कमी आढळला. लसणाच्या गोळ्यांचा तसा संबंध दिसला नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबतचा पुरावा मला याहूनही विरळ वाटतो.

प्रतिसाद ३
आत्या म्हणजे वडिलांची सख्खी बहीण. त्यामुळे वडिलांनाही धोका अधिक असू शकतो; त्यांनी पोटविकारतज्ज्ञांना विचारून हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्यावी. लसूण आवडत असल्यास खुशाल खावा. मात्र लसणानेही रक्त थोडे पातळ होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर इतका कच्चा लसूण खात असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.