मदत हवी आहे: डाळिंबाच्या ‘पुनिका’ या नावात माणसं आहेत की रंग?

नमस्कार मंडळी. सांगोल्याकडे आमची भगव्या वाणाची दोन एकर बाग आहे. मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. तिच्या वहीत डाळिंबाचं शास्त्रीय नाव दिसलं, पुनिका ग्रॅनॅटम. ‘ग्रॅनॅटम’ म्हणजे दाणेदार, ते फळ फोडलं की कळतंच. ‘पुनिका’पाशी मात्र आठ दिवस अडकलोय.

एवढं हाती लागलं: रोमन लोक कार्थेजवाल्यांना ‘पोएनी’ म्हणत, त्याचंच विशेषण ‘पुनिकुस’. कार्थेज आजच्या ट्युनिसजवळ, लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायरहून आलेल्या फिनिशियनांनी वसवलेलं. इ.स.पू. २६४ ते १४६ या काळात रोमशी त्यांची तीन युद्धं झाली, तीच प्युनिक युद्धं. डाळिंबाला रोमन ‘मालुम पुनिकुम’ म्हणत, कार्थेजचं सफरचंद.

पण लॅटिनमध्ये ‘पुनिकेउस’ म्हणजे लालभडक! आत्ता फोडलेलं फळ समोर आहे, बोटं लाल झालीत, म्हणून शंका येते. नाव माणसांवरून की सालीवरून? आणि ऋग्वेदात उल्लेख असलेले ‘पणी’ नावाचे लोक म्हणजेच फिनिशियन, असं वाचलं, ते कितपत खरं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, फळाचं नाव माणसांवरूनच. रोमन लेखक प्लिनीनेही या फळाचा संबंध कार्थेजच्या मुलखाशीच जोडलाय. गुंता त्याच्या एक पायरी मागे आहे. ‘पोएनी’ आलं ग्रीक ‘फोइनिक्स’वरून, आणि ग्रीकात त्याचे अर्थ अनेक, त्यातले तीन इथले: फिनिशियन माणूस, गडद लाल-जांभळा रंग आणि खजुराचं झाड. तो रंग टायर-सिडोनचे लोक समुद्री गोगलगायींपासून काढत. रंगावरून माणसं की माणसांवरून रंग, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

ग्रीकांचा ‘फ’ आपल्या ‘फळ’मधल्यासारखा, ओठ मिटून म्हणायचा. जुन्या लॅटिनमध्ये तो नव्हताच, म्हणून ‘प’ झाला. ‘ओए’चा ‘ऊ’ होणंही तिथलं नेहमीचं: ‘पोएना’ म्हणजे दंड, ‘पूनिरे’ म्हणजे दंड करणे.

पणींचं म्हणाल तर तो नुसता उच्चाराचा भास. ‘फोइनिक्स’ हे ग्रीकांनी ठेवलेलं नाव, त्या लोकांचं स्वतःचं नव्हेच. मग त्याचा मेळ पणींशी कसा घालणार? कार्थेज पडून पाचशेहून जास्त वर्षं झाल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मगुरूने लिहून ठेवलंय की त्याच्या भागातल्या शेतकऱ्यांना ‘तुम्ही कोण?’ विचारलं, तर ते पुनिक भाषेत सांगत: ‘खनानी’. म्हणजे कनानचे, लेबनॉनकडच्या त्या जुन्या मुलखाचे.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ‘खनानी’ हे मुलीच्या वहीत तिथेच खाली लिहून ठेवतो.