मदत हवी आहे: सीलबंद डीसी-डीसी कन्व्हर्टरचा इनपुट इम्पीडन्स कसा मोजायचा?

विद्यार्थ्यांच्या उपग्रहासाठी मी २८ व्होल्टच्या बसवर (मुख्य वीजपुरवठ्याच्या लाइनवर) १५ वॉटचा हायब्रिड कन्व्हर्टर वापरतोय. मॉड्यूल धातूच्या डबीत सीलबंद, फीडबॅकची पिन बाहेर आलेली नाही. त्यामुळे लूपमध्ये छोटा रेझिस्टर घालून बोडे प्लॉट (फ्रीक्वेन्सीनुसार गेन आणि फेजचा आलेख) काढायचा नेहमीचा मार्ग बंद. डबी उघडायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नुसता कन्व्हर्टर शांत असतो. पुढे एलसी ईएमआय फिल्टर (विद्युत गोंगाट अडवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) लावला की लोड स्टेपला, म्हणजे लोड अचानक बदलल्यावर, साधारण ९ किलोहर्ट्झचं रिंगिंग (व्होल्टेजची दोलनं). बस २२ व्होल्टवर आणली की ते वाढतं, आणि ते अपेक्षितच आहे: पॉवर कायम असल्याने व्होल्टेज घटलं की करंट वाढतो, आणि इनपुटचा हा ऋण रोध सुमारे ५२ ओहमवरून ३२ वर येतो (मॉड्यूलमधला लॉस धरला तर आणखी थोडा कमी). आरसी डॅम्पिंग लावल्यावर रिंगिंग गेलं. पण स्कोपवर दिसत नाही म्हणून स्थिरतेचं मार्जिन आहे, हे रिव्ह्यूत कोण ऐकणार? त्यात डॅम्पिंगचा कपॅसिटर टँटलम. थंडीत त्याचा ईएसआर (आतला सिरीज रोध) वाढतो, आणि चाचणी −२० अंशांवरही करायची आहे.

मिडलब्रूक निकषासाठी (फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पीडन्सपेक्षा बराच कमी हवा) फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स मोजून झालाय. कन्व्हर्टरच्या बाजूला अडलंय. इंजेक्शन ट्रान्सफॉर्मर सिरीजमध्ये घातला की डीसी करंटने कोअर सॅच्युरेट होतो; मोठ्या कोअरचा बजेटबाहेर.

कपॅसिटरमधून समांतर करंट इंजेक्ट केला तर १०० हर्ट्झपासून भरवशाचं माप मिळतं का, की खालच्या फ्रीक्वेन्सीला सगळा करंट सप्लायकडेच पळतो? तसं असेल तर सप्लायच्या बाजूला नेमकं काय घालता?