मदत हवी आहे: सेलेब्रिनीचा पुढचा करार कितीचा धरावा?

सॅन होजेत राहतो, लेक इथल्या शार्क्स या आइस हॉकी (NHL) संघाची वेडी. तिच्याशी पैज लागलीय: शार्क्सचा तरुण स्टार मॅकलिन सेलेब्रिनी याला नव्या करारात वर्षाला किती मिळावेत? कॉस्टकोच्या बिलामागे हिशेब मांडला. 2019 मध्ये असाच तरुण स्टार असलेल्या ऑस्टन मॅथ्यूजने 5 वर्षांसाठी वर्षाला 1.16 कोटी डॉलर घेतले, म्हणजे तेव्हाच्या 7.95 कोटींच्या सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेच्या) 14.6 टक्के. 2021 मध्ये जॅक ह्यूजेसने 8 वर्षांसाठी वर्षाला फक्त 80 लाख, कॅपच्या 9.8 टक्के. 2027-28 ची कॅप 11.35 कोटी धरली तर उत्तर 1.11 ते 1.66 कोटींत कुठेही! एवढ्या फरकात आख्खा गोलकीपर येतो हो. लेक मॅथ्यूजवर अडून बसलीय. पण लांबच्या करारात संघ फ्री एजन्सीची वर्षंही (जेव्हा खेळाडू हव्या त्या संघाशी करार करू शकला असता) विकत घेतो, त्यांचा भाव कसा लावायचा? कुणी हे गणित केलंय का?