घरी शिवलेली उन्हाळी पॅन्ट मांडी घालताच फाटली. चूक कापडाची का माझी?

गादीवाला_परभणी:
खत-बियाणांचं दुकान हाय आमचं. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, मधीच उठून पोती दाखवायची. मे महिन्यात पारा ४३-४४ ला, दुपारी लाईट नाही अन् अंगात टेरिकॉटची पॅन्ट. मांड्या आतून पार सोलून निघायल्यात. म्हणून यंदा आईची मशीन माळ्यावरून खाली काढली, तेल घातलं आणि ठरवलं, सैल सुती पॅन्ट आपणच शिवायची. पायजमा नको, गिऱ्हाईक येतं. खिसे पाहिजेत, कमरेला इलॅस्टिक चालंल.

खादीचं पावणेतीन मीटर कापड आणलं. जुनी पॅन्ट इस्तरीच्या घडीवर दुमडून त्यावर ठेवली, भोवती खडूनं रेघ मारली, अर्धा इंच सोडून कापलं. चारी भाग सारखेच. आरशात बरी दिसली बगा. दुकानात जाऊन मांडी घातली अन् टर्रर्र! समोर गिऱ्हाईक. उठता येईना, वहीच मांडीवर घेऊन बिल केलं. शिवण उसवली नाही, तिच्या बाजूनं कापड गेलं. बायको म्हणती कापड कच्चं. दुसरं आणायच्या आधी विचारायलोय.

बीडचा_बाब्या:
गिऱ्हाईकानं उधारी मागितली नाही ना त्या दिवशी? 😄

उरेबपट्टी_उदगीर:
दादा, कापडाचा दोष नाही. आसन, म्हणजे दोन पाय जुळतात तिथपासून कमरेपर्यंतचा भाग, आखूड पडलंय.

जुनी पॅन्ट परत तशीच दुमडून बघा. आसनापाशी मागच्या भागाची जीभ, म्हणजे पुढं आलेलं निमुळतं टोक, पुढच्या भागाच्या बाहेर आलेली दिसेल. बसल्यावर जास्तीचं कापड लागतं ते तिथून मिळतं. चारी भाग सारखे कापले की मागं ताण येणारच. त्यात ती पॅन्ट खुर्चीवर बसणाऱ्यासाठी बेतलेली. तिच्यावरून मांडी घालायचं माप निघत नाही.

आसनाचं माप असं घ्या. कमरेला सुतळी बांधा, कडक खुर्चीवर ताठ बसा, आणि बाजूनं सुतळीपासून खुर्चीच्या पाटापर्यंत वहिनींना टेप लावायला सांगा. समजा ११ इंच आलं, तर मांडी घालणाऱ्याला मी १३ धरते, नेफा (इलॅस्टिक घालायची कमरेची दुमड) वेगळा. मागचा भाग कमरेत दीड इंच उंच, मागची जीभ पुढच्यापेक्षा दोन इंच लांब. घेर मांडीत द्या, मोहरीत, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाला, नको. मोहरी घडीवर ९ इंच ठेवली तर ती पॅन्टच दिसते. शिवताना दोन्ही पाय आधी वेगवेगळे तयार करा. मग एक पाय सुलटा करून उलट्या पायात घाला आणि आसन पुढून मागं एकाच दमात शिवा. पहिल्या टिपेला चिकटून दुसरी टीप माराच. मी शिकताना दोन्ही डावे पाय जोडले होते, सासूबाई अजून सांगतात ते.

फाटकी टाकू नका, म्यानी, म्हणजे आसनात चौकोनी जोड, लावा. चार शिवणी जिथं मिळतात तिथून चारी बाजूंना तीन-तीन इंच उसवा, फाटकी टोकं कापून टाका, आणि उरलेल्या कापडाचा ५ इंचाचा चौकोन असा बसवा की एकेक कोपरा एकेका शिवणीवर येईल. जुन्या माणसांच्या विजारीला म्यानी असायचीच, उगाच नाही ते शेतात उकिडवे बसायचे.

नांदेडचे_काका:
भाऊ, कापड भिजवून घेतलं होतं का? सुती कापड रात्रभर पाण्यात, सकाळी सावलीत वाळवायचं, थोडं ओलसर असतानाच इस्तरी, मग कात्री. नाहीतर पहिल्या धुण्यात उंची जाते. आणि खादी भांडारात पॉलिवस्त्रही मिळतं, त्यात पॉलिस्टर असतं. विचारून घ्या. खात्री नसेल तर एक धागा काडीवर धरा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरची वितळून कडक गोळी होते. पॉलिस्टरचं निघालं तर घामोळ्या तिथल्या तिथंच.

गादीवाला_परभणी:
ताई, म्यानी लागली! पहिल्यांदा उलटी लावली, उसवली. कोपऱ्यात आलं की सुई कापडातच ठेवून मशीनचा पाय उचलायचा अन् कापड वळवायचं, हे उमगायला तीन कोपरे गेले. चौथा झकास आलाय, पण तो दाखवता येईना असल्या जागी हाय. काल दिवसभर मांडी घालून बसलो, काही झालं नाही.

काका, धागा जाळला, राखच झाली. पण भिजवायचं राहिलंच होतं. रात्री धुतली, आज घोट्याच्या दोन इंच वर. पोरगं म्हणतंय, बाबा पूर आला का?

नवं कापड आणलंय, बादलीत हाय. माप १० भरलं, म्हणून १२ धरायलोय. बाजूचा खिसा कधी लावायचा, पाय शिवायच्या आधी का नंतर?

उरेबपट्टी_उदगीर:
आधी, दादा. बाजूची शिवण मारायच्या आधी खिशाचे भाग पुढच्या-मागच्या कडेला जोडून घ्या. आणि चिल्लर ठेवणार असाल तर खिशाला मांजरपाट वापरा.