पाठकोऱ्या कागदांची वही मिटत का नाही?

पाठकोरी:

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रूफं एकाच बाजूला छापून येतात आणि दुरुस्त्या कळवून झाल्या की ते कागद परत कुणी मागत नाही. तीन वर्षांत टेबलाशेजारी त्यांची गुडघाभर चळत झाली. एवढा पांढराशुभ्र पाठकोरा कागद रद्दीत घालायला हात होईना, म्हणून वह्या करायला घेतल्या. दोन केल्या, दोन्ही फसल्या. कुठे चुकलं ते सांगा.

पहिली वही : आठ ए-४ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले, तीन भोकं पाडून शिवले. कव्हर बुटाच्या खोक्याचं, वरून जुन्या ओढणीचं कापड पांढऱ्या गमने चिकटवलं. दिसते छान. पण मिटत नाही. टेबलावर ठेवली की घास मागणाऱ्या पिल्लासारखी आ वासून बसते. रात्रभर शब्दकोशाखाली दाबून ठेवली, सकाळी शब्दकोश काढला आणि चहाचा कप ठेवेपर्यंत पुन्हा तोंड उघडं. वर पुठ्ठाही कापडाच्या बाजूला वळलाय.

दुसरी वही : इथे मी जरा जास्तच उत्साहात होते. कागद फाडून रात्रभर भिजवले, मिक्सरमधून लगदा काढला, जुन्या फोटोफ्रेमला डासांची जाळी ठोकून गाळायची चौकट केली. एकेक कागद खिडकीच्या काचेवर वाळवला. सुटून हातात आला तेव्हा घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवला. मग शाईचं पेन घेऊन त्यावर ‘अ’ काढला आणि अक्षराला चहूबाजूंनी पाय फुटले. सुरवंटच. शिवाय कागद इतका जाड की बारा पानांची वीट झाली.

लगद्याचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं होतं. त्याबद्दल घरात ऐकून झालंय, इथे कृपया नको.

एक विनंती : नवं सामान आणायला लावू नका. घरातला कागद संपवायला निघालेय, घरात पसारा आणायला नाही.

जुना बाइंडर:

ताई, शिलाईत चूक नाही. कागद आडवा घेतलाय तुम्ही.

कारखान्यात कागद तयार होतो तो धावत्या जाळीवर. लगद्यातले तंतू बरेचसे जाळी धावते त्या दिशेला झोपतात. त्या दिशेला छापखान्यात ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने कागद गुमान दुमडतो. ग्रेन ओलांडून दुमडलात तर प्रत्येक तंतूचं कंबरडं मोडावं लागतं आणि तो जन्मभर सरळ व्हायला बघतो. तुमच्या वहीचा आ त्यामुळे आहे. आठ कागदांचे तंतू एकदम जोर लावतात, तिथे शब्दकोश काय करणार.

घरच्या छपाईचा ए-४ बहुतेक वेळा लांबीच्या बाजूने ग्रेन असलेला असतो. तो मधोमध दुमडून ए-५ वही केली की घडी बरोबर ग्रेनला आडवी येते. सगळ्यांचं इथेच चुकतं, तुमचं एकटीचं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. एक कागद उभा फाडा, एक आडवा. एक बऱ्यापैकी सरळ फाटेल, दुसरा वेडावाकडा पळेल. सरळ फाटला ती ग्रेनची दिशा. तेवढ्याने समाधान नसेल तर बोटभर चौकोन कापून एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तुकडा लगेच नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, ग्रेन त्या दिशेला.

आता उपाय. ए-४ आधी आडवा कापून दोन तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकडा दुमडा. वही खिशाएवढी होईल, ए-६, पण घडी ग्रेनला धरून येईल आणि वही आपोआप मिटेल. मोठीच हवी असेल तर ए-३ कागद मधोमध कापून घ्या, ते ए-४ तुकडे दुमडलेत की ए-५ नीट येते. तुमच्या चळतीत ए-३ नसणार, म्हणून खिशातली वही करा. चळत तेवढीच संपते, वह्या दुप्पट होतात.

आणि आठ कागद एकात एक घालू नका. चार घ्या, म्हणजे सोळा पानांचा एक जुज. असे सहा-सात जुज एकमेकांना शिवायचे. जुजबंदी म्हणतात ती हीच. आठ एकदम घातले की आतली पानं बाहेर डोकावतात आणि कडा कापावी लागते. घरात कटिंग मशीन नसतं, सुरीने कापायला गेलात तर कडा कुरतडल्यासारखी होते.

पुठ्ठ्याचं : ओलं झालं की कापड-कागद थोडं फुगतं, सुकताना आक्रसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. तुम्ही एकाच बाजूला चिकटवलंत, मग दुसऱ्या बाजूने ओढणारं कोण? आतून अस्तराचा कागद लावा, त्याचाही ग्रेन उभा, कण्याला (शिवलेल्या बाजूला) समांतर. मग वजनाखाली पूर्ण एक दिवस. अधेमधे उघडून बघायचं नाही. हे सगळ्यात अवघड.

लगदाप्रेमी:

बाइंडरकाकांनी पहिल्या वहीचं सगळंच सांगितलं. दुसरी माझ्याकडे द्या.

शाई फुटते कारण तुमच्या कागदाला खळ नाही. कारखान्यातल्या कागदात पाणी थोपवणारं द्रव्य असतं, पण लगदा करताना, भिजवताना, तंतू विस्कटताना त्याचा परिणाम बराच जातो. उरतो तो टीपकागद. तुम्ही टीपकागदावर ‘अ’ काढलात.

मी जिलेटिन वापरते. लिटरभर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम. कागद पूर्ण वाळून आठवडाभर पडून राहिला की जाळीवर ठेवून त्यात बुडवायचा, लगेच काढायचा, दोन फडक्यांमध्ये दाबून वाळवायचा. नुसता हातात धरून बुडवू नका, ओला कागद स्वतःच्या वजनाने फाटतो. जिलेटिन प्राणिज असतं. ते नको असेल तर पातळ पिठाची खळ मऊ ब्रशने दोन्ही बाजूंना लावा. शाई तेवढी अडणार नाही, पण सुरवंटाचे पाय कमी होतील.

मग घोटा. काचेच्या बाटलीचा गोल बुंधा किंवा नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन, किंचित ओलसर असतानाच, गोल गोल. घोटून झालेल्या जागेवरून बोट फिरवलं की फरक कळतो. खसखस लागायची तिथे साय लागते.

जाडीचं गणित सोपं आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. ८० जीएसएमचा एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो (असे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर). तुम्ही एका ए-४चा एक ए-५ केला असणार, म्हणजे १६० जीएसएम. ते कार्डशीट झालं. १०० जीएसएमच्या आसपास हवा असेल तर ए-५ कागद जेमतेम ३ ग्रॅमचा हवा. पाच ए-४ फाडलेत की सात-आठ निघाले पाहिजेत. त्यासाठी टबात पाणी वाढवा, लगदा नाही. टब ताकासारखा दिसला पाहिजे, खिरीसारखा नाही.

लगद्यात काय घालू नये हेही सांगते, कारण उत्साहात आपण सगळंच घालतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, उजेडात तो पिवळा पडतो, म्हणून फक्त कव्हरच्या पुठ्ठ्यात. चकचकीत मासिकावर चिनी मातीचा थर असतो, ती माती टबाच्या तळाशी बसते आणि कागद भुसभुशीत होतो. बिलांच्या गुळगुळीत पावत्या अजिबात नाही, त्यांच्यावर उष्णतेने काळं पडणारं रसायन असतं. खाकी पाकिटं मात्र फेकू नका. त्यांचे तंतू लांब आणि चिवट असतात. मूठभर घातली की कागदाला जीव येतो. प्रत्येक पुनर्वापरात तंतू तुटून आखूड होतात, म्हणून ही भर लागतेच.

गोंद घालू नका हं. तंतू सुकताना आपसात घट्ट धरतात, त्यांना आपली मदत लागत नाही.

बेसिनबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून नुसतं सांगते : पाणी फडक्यातून गाळा, लगद्याचा गोळा पिळून वाळवून ठेवा. पुढच्या वेळी भिजवला की पुन्हा लगदा.

रिकामा वेळ:

एक शंका. एका बाजूला कोरा असलेला, धड असलेला कागद फाडून, भिजवून, दळून, त्याचा वाईट कागद का करायचा? लगदा करायचा तो दोन्ही बाजूंनी भरलेल्या, चुरगळलेल्या कागदांचा. पाठकोऱ्याची थेट वही. बस.

पाठकोरी:

रिकामा वेळ, तुमचं म्हणणं लागलं. पण खरं आहे. चळत दोन भागांत वाटली. दोन्हीकडे लाल शाईने भरलेली प्रूफं टबात, पाठकोरी वहीत.

काका, फाडून पाहिलं. उभा कागद पट्टी लावल्यासारखा फाटला, आडवा थेट कोपऱ्यात पळाला. बोटभर तुकडाही ओला करून पाहिला. तो वळताना बघून मी जवळजवळ ओरडलेच. वीस वर्षं कागदावर डोळे लावून बसलेय आणि कागदाला दिशा असते हे माहीत नव्हतं.

वही करताना एक सापडलं, तुमच्या कामी येईल. सगळे कागद कोरी बाजू आत ठेवून लावले तर बहुतेक वेळा समोर एक पान छापील, एक कोरं. लिहिताना डोळा सारखा छापील पानावरच्या चुकांकडे जातो (सवय!). म्हणून आलटून पालटून लावले. सगळ्यात बाहेरच्या कागदाची कोरी बाजू बाहेर, पुढच्याची आत, असं. आता समोरासमोर दोन्ही कोरी, मग दोन्ही छापील, मग दोन्ही कोरी. छापील जोडीच्या कडा चिकटवून टाकल्या की तो मजकूर आत बंद. एका जुजात चार पाकिटं. तिकिटं, पावत्या ठेवायला वरची कड मोकळी सोडली.

अडचण एकच उरली. जुज शिवताना भोकं फाटतात. तीन जुजांनंतर मधलं भोक चांगलं तीळभर लांब झालं.

जुना बाइंडर:

पाकिटांची युक्ती मला सुचली नव्हती. एकतीस वर्षं बांधणी केली, पण कुणी पाठकोऱ्याची वही मागितलीच नाही.

भोकं फाटतात कारण दोरा तुम्ही स्वतःकडे ओढताय. दोरा नेहमी कण्याच्या रेषेत ओढायचा, वर किंवा खाली. आडवा ओढलात की तो करवतीचं काम करतो. भोकं शिवायच्या आधीच पाडून ठेवा. जुज अर्धा उघडायचा आणि आतून, घडीच्या खोबणीत सुई टोचायची. ती बरोबर घडीवरच बाहेर आली पाहिजे. सगळ्या जुजांना एकाच कागदी पट्टीवरच्या खुणांनी भोकं पाडा, नाहीतर कणा वाकडा येतो.

दोरा सुती घ्या. नायलॉनचा कागदाला कापतो. मेणबत्तीवरून दोनदा फिरवून घ्या म्हणजे गुंता होत नाही. लांबी : वहीची उंची गुणिले जुज, वर एक उंची जास्त. एवढा लांब दोरा सांभाळता येत नसेल तर अर्धा घ्या आणि गाठ जुजाच्या आत लपवा. बाहेर लपवू नका, कण्यावर उंचवटा येतो.

आणि कितीही घट्ट शिवलंत तरी जुजांच्या मध्ये सुरुवातीला ढिलं वाटेल. कण्यावर पातळ खळ चोळा आणि मांजरपाटाची पट्टी बसवा. पांढरा गमही चालेल, पण त्याचा जाड थर नको, वही उघडताना तो अडवतो.

पाठकोरी:

झाली. सात जुज, पाच भोकं, ओढणीचंच कव्हर (आतून अस्तर लावून). वजनाखाली पूर्ण एक दिवस ठेवायची होती, मी दोनदा उघडून बघितली. काका, सॉरी.

टेबलावर ठेवली आणि हात काढला. मिटूनच राहिली. शब्दकोश जागेवर परत गेला.

चौथा आणि पाचवा जुज मात्र उलटे शिवले गेलेत, आणि तिथल्या एका छापील जोडीच्या कडा चिकटवायच्याही राहिल्यात. वही मधोमध उघडली की समोर डोक्यावर उभं राहिलेलं एक छापील पान येतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात लाल शाईने लिहिलंय : ‘परिच्छेद उलटा झालाय, तपासावे.’