समावेशक वर्ग म्हणजे लाडावलेला वर्ग? अजिबात नाही

फळ्यामागून: "सगळ्यांना सामावून घेण्याच्या नादात वर्ग मऊ झाले, माणूस धक्क्यानेच बदलतो" ही कालची पोस्ट वाचून गप्प बसवेना. धक्का लागतो, मान्य. पण प्रौढशिक्षणाचे अभ्यासक जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये ही मांडणी केली ती शिक्षणाकडे परतलेल्या स्त्रियांच्या अभ्यासावरून. जुन्या समजुतींना तडा गेल्यावर त्या बोलल्या, आपल्यासारख्या इतरजणी भेटल्या, मग बदलल्या. ज्याला तोंडच उघडता येत नाही, त्याचं धक्क्याने काय होणार?

उलटतपासणी: पोस्ट माझीच. प्रौढांना शिकवतो. हात वर करणाऱ्यांवर सोडलं तर तेच चौघे बोलतात. म्हणून नाव घेऊन उभं करतो. त्याशिवाय मागचा बाक हलत नाही.

अडखळता: मी अडखळत बोलतो. नाव पुकारलं की उत्तर येत असूनही "माहीत नाही" म्हणायचो, कारण तेवढंच सुटायचं. पुढे वर्गात जाणंच सोडलं. तुमच्या हिशेबात मी आळशी असेन.

उलटतपासणी: तसं म्हणालो नाही! मग काय, कुणाला विचारूच नये? उद्या परीक्षाही नको म्हणाल.

तिसरा तास: विचारा, पण थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्ग तपासले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारेही बोलू लागले.

उलटतपासणी: आणि पोर्शन कोण संपवणार?

कान देऊन: पोर्शन, पोर्शन! मला कमी ऐकू येतं. व्हिडिओला सबटायटल्स मागितली तेव्हाही हेच कारण ऐकलं. संपतो तो तुमचा पोर्शन, आमचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगहक्क कराराच्या २४व्या कलमात समावेशक शिक्षण हक्क म्हणून लिहिलंय. आम्ही मेहेरबानी मागत नाही.

उलटतपासणी: आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही.

कान देऊन: हळू बोलून बघितलंय. वर्षानुवर्षं.

फळ्यामागून: दोघंही जरा थांबा. अवघड प्रश्न टाळा असं मी कुठे म्हटलंय? अवघड प्रश्न सगळ्यांपर्यंत पोचू दे, लिहून, जोडीत बोलून, कसाही.

उलटतपासणी: बरं. प्रश्न आदल्या दिवशी देईन, लेखी उत्तरही चालेल. नाव घेणं मात्र सोडणार नाही.

अडखळता: घ्या नाव. पण मी अडकलो की माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका.